पुस्तकांची यादी म्हणजे खरेदीची यादी नव्हे

प्रश्न : मी विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि कॅल्क्युलस या चार विषयांची पुस्तकं नवी घेतली, तर घरचं महिन्याचं गणित कोलमडेल. बाबा उसने पैसे काढायला तयार आहेत, पण मला ते नको आहे. एक सीनियर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ देतोय, त्या कुठून आल्या ते त्यालाही माहीत नाही. फुकटच्या पुस्तकांवर शिकले तर मी मागे पडेन का?

उत्तर : आधी बाबांना सांग की उसनवारी करू नका, निदान पहिले दोन आठवडे तरी थांबा. तेवढ्यात कोणतं पुस्तक वर्गात खरोखर लागतं आणि कोणतं यादीत नुसतं नावापुरतं आहे, ते कळतं. सत्र सुरू व्हायच्या आधीच सगळी पुस्तकं घेणारी आणि त्यातली निम्मी न उघडणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. उलट पुस्तक नाही हे वर्षभर लपवून शेवटी विषयच सोडून देणारीही पाहिली आहेत. तुझ्या बाबतीत मला काळजी आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

प्रत्येक प्राध्यापकांना दोनच प्रश्न विचार. गृहपाठ याच पुस्तकातून देणार का? आणि मागची आवृत्ती चालेल का? हे विचारताना संकोच वाटतो, मला कल्पना आहे. पण त्यात पैशांचा विषय काढावाच लागत नाही, आणि बहुतेक शिक्षक मोकळेपणाने उत्तर देतात.

जुन्या आवृत्तीबद्दल थोडं सविस्तर सांगते. पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस किंवा रसायनशास्त्र चार-पाच वर्षांत बदलत नाही. नव्या आवृत्तीत बदलतात ती बहुधा चित्रं, प्रकरणांचा क्रम आणि प्रकरणाखालच्या उदाहरणांचे क्रमांक. अडचण या क्रमांकांचीच होते. शिक्षक २७वं उदाहरण सोडवून आणायला सांगतात आणि तुझ्या पुस्तकात २७वं भलतंच असतं. यावर उपाय सोपा आहे. लायब्ररीतल्या नव्या प्रतीतून किंवा मैत्रिणीच्या पुस्तकातून तेवढी उदाहरणं उतरवून घ्यायची आणि वाचायला जुनं पुस्तक वापरायचं. कायदा, करप्रणाली, औषधोपचार असे विषय असते, तर मात्र मी जुनी आवृत्ती घे असं म्हटलं नसतं.

एका गोष्टीत सावध राहा. काही पुस्तकांबरोबर ऑनलाइन गृहपाठाचा अॅक्सेस कोड येतो. तो एकदा वापरला की संपतो, त्यामुळे सेकंड हँड पुस्तकातला कोड तुझ्या कामाचा नसतो. कोड सक्तीचा असेल, तर आधी तो सुटा मिळतो का ते पाहा. पुष्कळदा त्याच्यासोबत डिजिटल पुस्तकही असतं, मग छापील वेगळं घ्यायची गरज उरत नाही.

आता तुझी खरी शंका, फुकट म्हणजे कमअस्सल का? अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम २०१२ पासून इंटरनेटवर खुली, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी, पाठ्यपुस्तकं काढतो. ती महाविद्यालयीन शिक्षकच लिहितात आणि दुसरे शिक्षक तपासतात. तुझे चारही विषय तिथे आहेत. कॅल्क्युलस तर तीन भागांत आहे, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकाचं अणुरचनेपासून सुरुवात करणारं वेगळं रूपही आहे. तुझ्या वर्गात शिकवण्याचा क्रम कोणता आहे ते पाहून त्यातलं निवड. रसायनात एखादा मुद्दा अडला तर लिब्रेटेक्स्ट्स या खुल्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर शोध. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात २००८ मध्ये तो प्रकल्प रसायनशास्त्रापासूनच सुरू झाला. मिनेसोटा विद्यापीठाच्या ओपन टेक्स्टबुक लायब्ररी या ऑनलाइन संग्रहात पुस्तकाखाली प्राध्यापकांनी लिहिलेली परीक्षणं असतात, ती आधी वाच. सरावासाठी एमआयटीच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावर अनेक विषयांचे प्रश्नसंच आणि जुन्या परीक्षा आहेत, काहींची उत्तरंही आहेत. तिथली कॅल्क्युलसची व्याख्यानं अवश्य बघ.

मात्र ही पुस्तकं तुझ्या अभ्यासक्रमाकडे बघून लिहिलेली नाहीत. म्हणून एक तास काढ. कागदावर डावीकडे अभ्यासक्रमातले मुद्दे लिही आणि उजवीकडे खुल्या पुस्तकातलं प्रकरण आणि पान. जिथे उजवी बाजू कोरी राहील, तेवढ्यापुरतीच वर्गातल्या नोट्स किंवा लायब्ररीची प्रत लागेल. या एका कागदामुळे तू मागे पडणार नाहीस. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विषयांत खुली पुस्तकं भक्कम आहेत. पुढच्या वर्षांच्या खास विषयांत ती विरळ होत जातात, तेव्हा पैसे लागतील. म्हणून ते आत्ता वाचव.

सीनियरच्या पीडीएफ घेऊ नकोस. त्यामागे लेखकाची कित्येक वर्षांची मेहनत असते, हे मला मनापासून वाटतं. शिवाय अशा फाइलमध्ये पानं गाळलेली असतात, आवृत्ती भलतीच असते, कधी व्हायरसही येतो. खुलं पुस्तक ओळखणं अवघड नाही. सुरुवातीच्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा, म्हणजे पुस्तक इतरांना वापरू देण्याच्या लेखकाच्या परवानगीचा, स्पष्ट उल्लेख असतो. असं पुस्तक डाउनलोड करता येतं, मैत्रिणींना देता येतं आणि स्वतःसाठी छापूनही घेता येतं. पडद्यावर वाचून डोक्यात शिरत नसेल, तर पुढच्या महिन्यात लागणारी दोन-तीन प्रकरणंच छापून घे.

ग्रंथपालांना याच आठवड्यात भेट. यादीतल्या पुस्तकांची एखादी प्रत लायब्ररीतच बसून वाचण्यासाठी राखून ठेवा, अशी विनंती शिक्षकांमार्फत करता येते. परीक्षेच्या तोंडावर ती हाती लागणार नाही, म्हणून आत्ताच.

आणि एक पुस्तक मात्र जरूर विकत घे. तुला ज्या विषयात पुढे जायचंय त्याचं, छापील, सेकंड हँड असलं तरी चालेल. त्याच्या समासात तू पाच वर्षं लिहीत राहशील. तो विषय कोणता, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. ते ठरलं की मला पुन्हा लिही.