आधी इंजिन की आधी गिअर?

प्रश्न : ट्रायल स्पर्धेसाठी जुन्या फोर-बाय-फोरच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) गाडी बांधतोय. मोठं इंजिन बसवू का?

उत्तर : इंजिन राहू द्या. ट्रायलमध्ये घड्याळ पळत नाही. खुणेच्या काठ्यांना न शिवता, न थांबता खडक चढायचा असतो. म्हणून आधी गिअरचं गणित मांडा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 4, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या पेटीचा) लो, म्हणजे हळू गिअर 2.5, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) 4, गुणाकार 40. म्हणजे इंजिनाच्या 40 फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. इंजिन 800 आरपीएमवर (मिनिटाला 800 फेरे) असेल तर चाक मिनिटाला 20 फेरे घेतं. 30 इंची टायरवर गाडी ताशी जेमतेम 3 किलोमीटरने सरकते, क्लच न दाबता. हाच वेग मला प्यारा आहे!

पुढचा खर्च डिफ-लॉकवर करा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपावर. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की तेच गरगरतं आणि जमिनीवरचं ढिम्म राहतं. मागच्या चाकांना वेगवेगळे हँडब्रेक लावले तर आतलं चाक धरून गाडी जागच्या जागी वळवता येते. मात्र स्पर्धेतल्या तुमच्या गटात असे हँडब्रेक चालतात का, हे नियमावलीत बघूनच वेल्डिंगला हात घाला. रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) चासीला पक्का जोडा, नुसत्या पत्र्याला नको. यात काटकसर मी कुणालाच करू देत नाही.