टाकीचा खर्च स्वयंपाकघरातून का?

प्रिय ताई,

तुम्ही डिचोलीहून लिहिलंय. यजमान रोज मोटरसायकलने वेर्ण्याच्या कारखान्यात जातात. घरखर्चाला ठरावीक रक्कम देतात आणि महिना संपत आला की पेट्रोलसाठी त्यातलेच पैसे मागतात. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेतून तुम्हाला दरमहा मिळणारे पैसेही टाकीत जातात, आणि वर ‘तुला घर चालवता येत नाही’ हे ऐकावं लागतं. सासूबाई म्हणतात, आमचं भागत होतं. म्हणून म्हापशाचा शिवणवर्ग सोडावा का, असं तुम्ही विचारलंय.

ताई, तुम्हाला घर उत्तम चालवता येतं. एकाच महागाईचा भार तुमच्यावर दोनदा पडतोय, हे मात्र घरात कुणाच्या लक्षात आलेलं नाही. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून डिझेलच्या गाडीने येते, ट्रॉलरही डिझेलवरच समुद्रात जातात. डिझेल वाढलं की टोमॅटो आणि बांगडा दोन्ही तुमच्याच पिशवीत महाग होतात. ते तुम्ही मुकाट्याने सोसताच. त्यातूनच पेट्रोलही भरायचं म्हटलं तर कुणाचाच हिशेब जुळणार नाही.

सासूबाईंशी वाद नको. पण २०१२ साली पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, तेव्हा लिटरला साधारण ५५ रुपये पडत. त्या दिवसांशी तुमची तुलना करणं अन्यायाचं आहे.

गृह आधारचं वाचून मला फार वाईट वाटलं. वाढत्या महागाईत गृहिणीला हातभार लागावा म्हणूनच ही योजना आली. ते १५०० रुपये तुमचे आहेत. यापुढे पेट्रोलला देऊ नका.

पगाराच्या दिवशी दोघं वही घेऊन बसा. कामावर जायचं पेट्रोल हा नोकरीचा खर्च. महिन्याचे किलोमीटर, गाडीचं ॲव्हरेज आणि चालू दर यांवरून आकडा काढा, तो पगारातून आधी बाजूला ठेवा आणि मग घरखर्च ठरवा. आवाज चढवू नका, तेही याच दरवाढीने पिचलेत. आकडा समोर आला की पणजीपर्यंत गाडी आणि पुढे बस, असं कदाचित तेच सुचवतील. रात्रपाळीला बस जमणार नाही, तिथे हट्ट नको. त्याच पाळीचा जवळचा सहकारी मिळाला तर एक दिवस त्याची गाडी, एक दिवस यांची. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घ्या, तिथे सवलतीत मिळते.

शिवणवर्ग अजिबात सोडू नका. म्हापशाचं बसभाडं गृह आधारमधून काढा, आणि तसं यजमानांना आधीच सांगून ठेवा.