कावळा ‘शिवतो’ म्हणजे नक्की काय करतो?

शिवाजी पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय : पंचगंगेवर रक्षाविसर्जनाला निवद ठेवला की सगळे ‘कावळा शिवला का?’ असंच विचारतात, ‘खाल्ला का?’ असं कुणी म्हणत नाही. हे शिवणं आणि शिंप्याचं शिवणं एकच का?

नाही ताई, एकच नव्हे. शिंप्याचं शिवणं संस्कृत ‘सिव्’ धातूचं. ‘सीमा’ची ‘शीव’ झाली, ‘सिंदूर’चा ‘शेंदूर’ झाला, तसाच इथेही ‘स’चा ‘श’ झाला. कावळ्याचं शिवणं मात्र प्राकृतातल्या ‘छिव’चं, म्हणजे स्पर्श करणं. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात ‘स्पृश्’च्या जागी येणाऱ्या धातूंमध्ये हा ‘छिव’ दिलाय. हिंदीत जी ‘छींक’, ती आपल्याकडे ‘शिंक’. त्याच वाटेनं ‘छिव’चं ‘शिव’ झालं. शिवाशिव, पोरांचं शिवणापाणी ही याच घरातली मंडळी.

रूप एक झालं तरी व्याकरणानं दोघांना वेगळं ठेवलंय, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत आवडते. शिंप्यानं सदरा शिवला. पण कावळा निवदाला शिवला. ‘कावळ्यानं निवद शिवला’ म्हटलं तर त्यानं सुईदोरा घेतला असा अर्थ होईल! शिंपी पक्षी खरोखरच पानं शिवून घरटं करतो, म्हणून त्याच्याबाबत ‘शिंपी पक्ष्यानं पान शिवलं’ हे अगदी बरोबर. कावळा मात्र पानाला शिवतो.

आता ‘खाल्ला’ का नाही? घाटावर थोडं लांब उभं राहून बघा. मान राखाडी असलेला गावकावळा आयुष्यभर माणसांच्या आसपास राहतो, तरी गर्दीवर आणि नव्या वस्तूवर त्याचा पटकन विश्वास बसत नाही. तो तिरका उड्या मारत येतो, चोचीनं एकदा टोचतो आणि मागे सरकतो. धोका नाही असं वाटलं तरच पुन्हा येतो, आणि तेव्हाही पुष्कळदा घास उचलून दुसरीकडे नेतो, कधी लपवूनही ठेवतो. आपल्या लोकांना ती पहिली टोच पुरते. त्या क्षणाला ‘शिवला’ इतका नेमका शब्द दुसरा नाही. कावळा येईना म्हणून नातेवाईक हात जोडून ‘पोरांना सांभाळतो’ असं बोलतात, तेव्हा चार पावलं मागे सरकले तर कावळ्याचं काम सोपं होईल, असं मला मनापासून वाटतं. शेवटी कुणीच आलं नाही तर दर्भाचा कावळा करून लावतात.

हाच वाक्प्रयोग घरात मात्र उलट्या अर्थानं चालायचा. बाई पाळीत बाजूला बसली की ‘तिला कावळा शिवलाय’ असं मुलांना सांगत. घाटावर ज्या स्पर्शाची वाट बघायची, तोच घरात विटाळ. ती चाल बऱ्याच घरांतून गेली ते चांगलंच झालं, पण शब्दकोशातून हा अर्थ गाळू नये. जुन्या बायकांच्या बोलण्यात तो अजून ऐकू येतो.