बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये क्लायंटचं (ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या पीसीचं) स्टेटस दिसतं, पण बॅकअप जॉब स्टोरेजपाशी अडकतो. काय तपासावं?

तुमचं म्हणणं असं: उबुंटू सर्व्हरवर बॅक्युला बसवलंय, सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप रोज नीट होतो, बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाला आज्ञा द्यायच्या खिडकीत) अकाउंट्सच्या विंडोज पीसीचं स्टेटसही दिसतं. पण त्या पीसीचा जॉब लावला की तो लटकतो आणि '२९०२ बॅड स्टोरेज' देऊन पडतो. पासवर्ड तीनदा तपासून झालेत.

पासवर्डला आता हात लावू नका. स्टेटस येतंय म्हणजे डायरेक्टर (सर्व्हरवरचा, जॉब चालवणारा भाग) आणि पीसी यांची ओळख पटलेली आहे, पीसीचा ९१०२ पोर्टही उघडा आहे.

माझे इथेच दोन दिवस गेले होते, एका पतसंस्थेत, तेही मार्चअखेरीला. डायरेक्टर पीसीकडून डेटा घेतो आणि स्टोरेजला (बॅकअप लिहून ठेवणाऱ्या भागाला) देतो, असं मी धरून चालले होते. तसं नाही. डायरेक्टर पीसीला फक्त पत्ता सांगतो. ९१०३ पोर्टवर स्टोरेजला जाऊन भिडतो तो पीसी स्वतः. डायरेक्टरच्या फाइलमध्ये स्टोरेजचा अ‍ॅड्रेस 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच मशीन') असेल, तर तोच शब्द पीसीला जातो आणि पीसी स्टोरेज स्वतःच्याच घरात शोधतो. सर्व्हरसाठी लोकलहोस्ट म्हणजे खरोखर तीच जागा, म्हणून त्याचा बॅकअप बिनबोभाट होतो.

ती फाइल उघडून बघाच. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये 'इथे लोकलहोस्ट वापरू नका' अशी इंग्रजी टीप असते आणि तिच्याच खालच्या ओळीत लोकलहोस्ट लिहिलेलं असतं! तिथे सर्व्हरचं पूर्ण नाव टाका. नाव पीसीवरून पिंग होत नसेल तर सरळ आयपी टाका, पण तो राउटरमध्ये पक्का करून ठेवा.

एवढ्याने भागेलच असं नाही, कारण याच पॅकेजमध्ये स्टोरेजच्या फाइलीत 'एसडीअ‍ॅड्रेस' (स्टोरेज ज्या पत्त्यावर ऐकतं तो) १२७.०.०.१, म्हणजे पुन्हा लोकलहोस्टच असतो. सर्व्हरवर 'एसएस -एलटीएन' (ss -ltn) चालवा, कोणता पोर्ट कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते दिसेल. ९१०३ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं, तर स्टोरेज बाहेरच्या कुणाचंच ऐकत नाहीये. तिथेही सर्व्हरचा लॅनवरचा आयपी टाका. मग स्टोरेज डीमन (मागे सतत चालणारा स्टोरेजचा प्रोग्राम) रीस्टार्ट करा; डायरेक्टरला बीकन्सोलमधून 'रीलोड' पुरतं. फायरवॉल चालू असेल तर सर्व्हरवर ९१०३ उघडा, फक्त ऑफिसच्या लॅनपुरता.

जॉब लावण्याआधी त्या पीसीच्या पॉवरशेलमधून 'टेस्ट-नेटकनेक्शन' ने सर्व्हरचा ९१०३ तपासा. मी ही तपासणी सर्व्हरवर बसून करत होते. तिथून सगळं हिरवंच दिसतं.

जॉब 'ओके' झाला की त्याच दिवशी त्या पीसीची एक टॅलीची फाइल रिस्टोर करून, उघडून बघा. रिस्टोर जॉबमधला 'व्हेअर' (फाइल कुठे परत ठेवायची तो मार्ग) आधी बदलून घ्या, पॅकेजमधला मार्ग नुसता नमुन्याचा असतो.