टायमरकडे चोरून बघणाऱ्यांसाठी

प्रश्न : एका शिबिरात मौन प्रार्थना शिकलो. एक छोटा शब्द निवडायचा, डोळे मिटायचे आणि वीस मिनिटं देवासमोर नुसतं बसायचं. तीन महिने झाले रोज बसतोय, पण खरं सांगू का, पहिली दोन मिनिटं सोडली तर डोक्यात ऑफिसच्या मेलला काय उत्तर द्यायचं आणि भावाशी वाद झाला तेव्हा मी काय बोलायला हवं होतं हेच चालू असतं. मधेच एक डोळा उघडून मोबाइल बघतो. काल वाटलं संपतच आलं असेल, बघतो तर चौदा मिनिटं बाकी! हे सोडून नेहमीची तोंडी प्रार्थनाच करू का?

उत्तर : तुमच्या त्या चौदा मिनिटांवर मी मनापासून हसले, कारण हे मीही केलंय, आणि आपल्या आधी अविलाच्या संत तेरेसानं (1515–1582) केलंय. तिनं आत्मचरित्रात सरळ कबूल केलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष देवापेक्षा घड्याळाच्या ठोक्याकडे जास्त असायचं. आणि हीच ती बाई जिला 1970 मध्ये कॅथलिक चर्चनं 'डॉक्टर ऑफ द चर्च', म्हणजे श्रद्धेची थोर शिक्षिका, म्हटलं, हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. तेव्हा तुमची संगत काही वाईट नाही.

आता तो भाऊ. तुम्ही बसता, वाद आठवतो, आणि मग एक झकास वाक्य सुचतं, जे त्या दिवशी सुचलं असतं तर भावाची बोलतीच बंद झाली असती. नेमकी इथेच प्रार्थना सुरू होते असं मी म्हणेन. ते वाक्य अर्ध्यात सोडा. पूर्ण करू नका, कितीही भारी असलं तरी. 'मी पुन्हा भरकटलो, काय हे' असं स्वतःला झापतही बसू नका, कारण तोही एक विचारच झाला, वर जरा सोवळ्यातला. हळूच आपला शब्द घ्या आणि देवाकडे वळा. पुढच्या अर्ध्या मिनिटात भाऊ परत येईल, परत तेच करा. बहुतेक लोकांची चूक अशी होते की शब्द हातोड्यासारखा वापरतात, विचार आला की हाण. त्यानं फक्त डोकं दुखतं. शब्द म्हणजे 'मी इथे आहे, तुझ्यासाठी' एवढं सांगणं, बस.

'द क्लाउड ऑफ अननोइंग' नावाचं चौदाव्या शतकातलं एक इंग्रजी पुस्तक आहे, लेखकानं नाव दिलेलं नाही. त्यात शब्द शक्यतो एका अक्षराचा घ्या असं सांगितलंय, आणि विचारांसाठी एक फार मजेशीर युक्ती दिलीय : विचार समोर येऊन उभा राहिला की त्याच्याशी झटापट करू नका, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघा, जणू तुम्ही दुसऱ्याच कुणाला तरी शोधताय. गर्दीत आपलं माणूस शोधताना मधे उभ्या असलेल्यांशी आपण भांडतो का? मान उंच करून पलीकडे बघतो. तसं.

मोबाइल पालथा घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, बेल हळू आवाजाची लावा. वीस झेपत नसतील तर दहा मिनिटं बसा, पण रोज. आणि तोंडी प्रार्थना सोडायची कुणी सांगितली? तेरेसाच म्हणते की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' नीट लक्ष देऊन म्हणता म्हणता देव माणसाला थेट मौनात नेऊ शकतो. बेल झाली की लगेच उठू नका, तीच प्रार्थना सावकाश म्हणा.

प्रश्न : आमच्या मंडळीतल्या एक ताई म्हणतात, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं म्हणजे बायबलमधल्या मत्तय 6 मधली 'व्यर्थ बडबड', आणि ध्यान हे मुळात ख्रिस्ती नाहीच.

उत्तर : ताईंना ते वचन शेवटपर्यंत वाचायला सांगा. पुष्कळ बोललं की देव ऐकेल असं ज्यांना वाटतं त्यांच्याबद्दल प्रभू बोलतोय, आणि त्याच्या एकच वचन आधी खोलीत जा, दार लाव असं सांगतोय. बरं, यरीहोचा आंधळा बार्तीमय काय करत होता? लोक गप्प बस म्हणाले तर तो तीच हाक आणखी मोठ्यानं मारायला लागला, 'माझ्यावर दया कर.' पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची मंडळी आजही गाठी मारलेली दोरी बोटांतून सरकवत 'हे प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर' म्हणतात ती जवळपास हीच हाक. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संन्यासी असंच बसायचे, आणि त्यांच्यात राहून आलेल्या जॉन कॅसियननं लिहून ठेवलंय की स्तोत्र 70 ची पहिली ओळच दिवसभर धरून ठेवा, हे देवा, माझ्या साहाय्यास ये.

एक गोष्ट मात्र लपवू नये. 'मारानाथा' (अरामी भाषेत 'प्रभू, ये') हा शब्द घेऊन ध्यान शिकवणारे बेनेडिक्टाइन संघाचे फादर जॉन मेन (1926–1982) हे पहिल्यांदा शिकले मलायामधल्या एका हिंदू स्वामींकडून. नंतर त्यांना तेच कॅसियनमध्ये सापडलं. शेजाऱ्यानं दाखवून दिलं म्हणून आपल्याच घरातली पेटी परकी होते का? मला तरी नाही वाटत, ताईंना वाटलं तर वाटू द्या, यावरून भांडू नका.

प्रश्न : मला बसल्या बसल्या झोप लागते. लाज वाटते.

उत्तर : लिझ्यूच्या संत तेरेसाला (1873–1897) पण लागायची. तिनं लिहिलंय की लेकरं जागी असोत नाहीतर झोपलेली, आईबापांना सारखीच आवडतात. तरीपण पलंगावर बसू नका, खुर्ची घ्या, पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले, जेवल्या जेवल्या तर नकोच. एवढं करूनही रोज डुलकी लागत असेल तर आधी रात्री एक तास लवकर झोपून बघा आणि मग मला परत लिहा.