'द अमेझिंग स्पायडर-मॅन' तेव्हा वाईट होता आणि आता चांगला झाला, असं कसं?

तुम्ही विचारलंय की २०१२ मध्ये 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' आला तेव्हा सगळ्यांनी त्याला नावं ठेवली आणि आता तेच लोक त्यातल्या नायकाला, अँड्र्यू गारफिल्डला, डोक्यावर घेतात, तर मुळात चित्रपट कसा आहे आणि आज पाहण्यासारखा आहे का?

आहे, जरूर पाहा. पहिला तासभर धीर धरावा लागेल, पण पुढे त्याचं चीज होतं. मतं का फिरली याबद्दल मला ठामपणे वाटतं ते असं की २०१२ मध्ये ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता, त्यांनी या चित्रपटाबद्दल मत दिलंच नव्हतं. आधीचा स्पायडर-मॅन टोबी मॅग्वायर आणि त्याचा दिग्दर्शक सॅम रेमी यांना अर्ध्यावर थांबवलं, त्याबद्दलचा तो राग होता. (पुढे तिन्ही स्पायडर-मॅनच्या कथांमधली महत्त्वाची वळणं उघड होतात, तेव्हा पाहिले नसतील तर जपून वाचा.)

आधी 'सगळ्यांनी नावं ठेवली' हे तपासून पाहू. अमेरिकेत चित्रपट लागतो त्या दिवशी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेऊन श्रेणी देणारी सिनेमास्कोर नावाची संस्था आहे. तिथे या चित्रपटाला 'ए मायनस' मिळाला होता. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांची पसंती ७० टक्क्यांच्या पुढे होती. जगभरची कमाई ७५ कोटी डॉलरच्या वर गेली. याला आपटलेला चित्रपट कोणी म्हणणार नाही. बिनसलं ते २०१४ च्या दुसऱ्या भागात. तिथे प्रेक्षकांची श्रेणी 'बी प्लस'वर आली, समीक्षकांची पसंती निम्म्याच्या आसपास घसरली आणि पुढचे ठरलेले भाग गुंडाळले गेले. त्यानंतर लोकांच्या आठवणीत दोन्ही चित्रपट एकच होऊन बसले आणि दुसऱ्याचा डाग पहिल्यालाही लागला. आजही कोणी या चित्रपटाला शिव्या घालत असेल तर दोन मिनिटं ऐकून घ्या. निम्म्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या इलेक्ट्रो या खलनायकाच्या निघतात, आणि इलेक्ट्रो पहिल्या भागात नाहीच.

तरीही राग होता हे खरं, आणि त्याला कारणही होतं. रेमींचे तीन चित्रपट २००२, २००४ आणि २००७ चे. तिसरा बऱ्याच जणांना रुचला नव्हता, तरी लोक चौथ्याची वाट पाहत होते, कारण मॅग्वायरच्या पीटरची (मुखवट्यामागच्या मुलाचं हे नाव) गोष्ट नीट संपलीच नव्हती. जानेवारी २०१० मध्ये सोनीने चौथा भाग रद्द करून नव्या कलाकारांसह पहिल्यापासून सुरुवात करण्याचं जाहीर केलं. स्पायडर-मॅनचे चित्रपटाचे हक्क हातात ठेवायचे तर सोनीला चित्रपट काढत राहणं भाग होतं, ही गोष्ट चाहत्यांना ठाऊक होती. त्यामुळे एक पक्कं मत चित्रपट यायच्या कितीतरी आधी तयार झालं: सांगायला गोष्ट आहे म्हणून हा चित्रपट येत नाहीये, करार टिकवायचा म्हणून येतोय. अशा मनाने आत गेलेला माणूस दोन तास पुरावेच गोळा करत बसतो.

बॅटमॅनचं उदाहरण घ्या. १९९७ चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' लोकांना इतका खटकला होता की आठ वर्षांनी, २००५ मध्ये, ख्रिस्तोफर नोलनने नव्याने सुरुवात केली तेव्हा जुन्याची आठवण काढून रडायला कोणी नव्हतं. स्पायडर-मॅनच्या बाबतीत मधे जेमतेम पाच वर्षं गेली होती आणि आधीचा नायक लोकांना अजून हवा होता. नोलनच्या नशिबी आलेली मोकळी पाटी या चित्रपटाचा दिग्दर्शक मार्क वेब याला मिळाली नाही. त्याच्या नावावर त्याआधी एकच पूर्ण लांबीचा चित्रपट होता, तोही २००९ ची छोटीशी प्रेमकथा.

आता खऱ्या तक्रारींकडे येतो, कारण त्या आहेत. पहिली आणि सर्वांत रास्त तक्रार म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगितली. कोळी चावतो, शक्ती येते, पीटरला वाढवणारे अंकल बेन मरतात, मुखवटा शिवला जातो. दहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटात हे सगळं उत्तम रीतीने येऊन गेलं होतं. तुलनेत नवीन प्रसंग दुबळा पडतो. २००२ मध्ये कुस्तीचा आयोजक पीटरला ठरलेले पैसे देत नाही, म्हणून पीटर चोराला मुद्दाम वाट मोकळी करून देतो. चूक पूर्णपणे त्याची असते आणि ती आपल्याला टोचते. २०१२ मध्ये दुकानदार दुधासाठी दोन सेंट सोडत नाही, मग चोर गल्ल्यावर हात मारतो आणि पीटर गप्प राहतो. घटना जवळपास तीच, पण टोचणी बोथट. शिवाय मनगटावर ताऱ्याचं गोंदण असलेल्या खुन्याचा शोध पीटर तळमळून सुरू करतो आणि तो धागा चित्रपट मध्येच सोडून देतो. हा दोष कुठल्याही तुलनेशिवाय दोषच आहे.

हे टाळता आलं असतं म्हणून जास्त वाईट वाटतं. २००३ च्या 'हल्क'नंतर पाचच वर्षांनी नवीन हल्क आला, तेव्हा त्यांनी त्याच्या जन्माची कथा सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच उरकली आणि थेट पुढचं सांगायला घेतलं. म्हणजे वाट सापडलेली होती.

दुसरी तक्रार कमी बोलली जाते, पण मला ती जास्त गंभीर वाटते. जाहिरातीत हा चित्रपट 'न सांगितलेली गोष्ट' म्हणून विकला गेला. पीटरचे आईवडील कोण होते, ते का निघून गेले, त्याच्या अंगात जे घडलं तो निव्वळ अपघात होता का, असं सुचवणारे संवाद ट्रेलरमध्ये होते. प्रत्यक्ष चित्रपटात ते नाहीत. संकलनात तो अख्खा धागा कापला गेला आणि त्याची तुटकी टोकं तेवढी उरली. इरफान खानचं पात्र, डॉ. रथा, त्याचाच बळी. ऑस्कॉर्प कंपनीचा हा अधिकारी तिथल्या शास्त्रज्ञावर, डॉ. कॉनर्सवर, दबाव आणतो, गाडीत बसून निघतो आणि पुलावरच्या गोंधळानंतर पुन्हा दिसतच नाही. इतक्या ताकदीचा नट घेऊन त्याला असं हवेत सोडून दिल्याचं मला आजही खटकतं. ज्या नव्या गोष्टीसाठी पहिल्यापासून सुरुवात केली, तीच गाळली आणि जी जुनी सगळ्यांना पाठ होती ती ठेवली. प्रेक्षकांचा 'मग हा कशाला काढला?' हा प्रश्न इथे शंभर टक्के बरोबर होता.

कॉनर्स पुढे सरडा होतो, तोच इथला खलनायक; त्याच्याबद्दल फार लिहीत नाही. ऱ्हीस इफान्स माणूस म्हणून चांगला वाटतो, सरडा झाल्यावर चेहऱ्यातली सगळी जान जाते, आणि अख्ख्या शहराला सरडे करण्याचा त्याचा बेत कथेला अजिबात शोभत नाही.

पण त्याच पुलावरचा प्रसंग पाहा. विल्यम्सबर्ग पुलावर सरडा गाड्या उचलून खाली भिरकावतोय आणि पीटर एकेक गाडी जाळ्याने लटकवून ठेवतोय. एका गाडीत लहान मुलगा अडकलाय आणि गाडी पेट घेते. मुलगा घाबरून थिजलाय, मुखवट्यातल्या माणसाची त्याला आणखीच भीती वाटते. तेव्हा पीटर मुखवटा काढतो, आपणही साधा माणूसच आहोत हे त्याला दाखवतो आणि मग तोच मुखवटा त्या मुलाला घालायला देतो. हा घातलास की बळ येईल, असं सांगून त्याला वर चढायला लावतो. मुलगा मुखवटा घालून चढायला लागतो. गाडी निसटते, मुलगा खाली पडतो आणि शेवटच्या क्षणी जाळं त्याला धरतं. मुलगा वडिलांच्या कुशीत जातो, ते 'तू कोण?' असं विचारतात आणि पीटर पहिल्यांदा स्वतःचं नाव स्पायडर-मॅन असं सांगतो.

या प्रसंगाच्या आधी पीटर सूडासाठी माणसं हुडकत फिरत होता. इथे त्याला कळतं की हे काम कोणासाठी करायचं असतं. अंकल बेनच्या मृत्यूत जे नीट उतरलं नाही, ते इथे उतरलंय, तेही भाषण न देता. शिवाय तो बाप क्रेन चालवणाऱ्यांपैकी असतो. शेवटी जखमी पीटरला ऑस्कॉर्पच्या इमारतीपर्यंत पोचवायला तोच बाकीच्यांना फोन करून रस्त्यावरच्या क्रेन एका रांगेत वळवून घेतो. क्रेनचा प्रसंग अनेकांना भाबडा वाटला, काहींनी त्याची टर उडवली. मला तो मनापासून आवडतो. पुलावर वाचवलेल्या माणसाने केलेली ती परतफेड आहे, हे लक्षात ठेवून पाहिलंत तर तुम्हालाही आवडेल असं वाटतं.

पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्याबद्दल मात्र तेव्हाही फारसा वाद नव्हता. एमा स्टोनची ग्वेन वाचवून घेण्यासाठी ठेवलेली नाही. ती कॉनर्सच्या प्रयोगशाळेत काम करते, उतारा तीच बनवते आणि पीटरचं गुपित तिला अर्ध्या चित्रपटातच कळतं. गच्चीवर पीटर सांगायला जातो आणि त्याला शब्द सापडत नाहीत, तिथली दोघांची चाचपडणारी बोलणी इतकी खरी आहेत की प्रेमकथेचा दिग्दर्शक का निवडला ते कळतं. तिचे वडील, कॅप्टन स्टेसी, मरताना पीटरकडून वचन घेतात की माझ्या मुलीला यात ओढू नकोस. पीटर ते पाळत नाही. २०१४ च्या भागात घड्याळाच्या मनोऱ्यात त्याची किंमत मोजावी लागते. कॉमिकमध्ये ग्वेनचा मृत्यू १९७३ मध्ये झाला होता, त्यामुळे जाणकारांना तो येणार हे ठाऊक होतं. तरी तो प्रसंग हलवून सोडतो.

गारफिल्डबद्दल तेव्हाची तक्रार अशी होती की हा देखणा, स्केटबोर्डवर फिरणारा मुलगा शाळेत एकटा पडेल कसा? रास्त आहे, मलाही तो एकटा पडलेला वाटत नाही. त्यावरून एक निवाडा रूढ झालाय की मॅग्वायर उत्तम पीटर आणि गारफिल्ड उत्तम स्पायडर-मॅन. पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा नाही. मुखवट्यातली त्याची बडबड कॉमिकला धरून आहे आणि मनगटावर यंत्र बांधून जाळं सोडणंही मूळ कॉमिकमधलंच (रेमींच्या पीटरचं जाळं अंगातूनच निघायचं). पण त्याचे सर्वांत चांगले क्षण मुखवटा उतरल्यावरचे आहेत: पूल, गच्ची, आणि अखेरीस अंकल बेनचा न ऐकलेला फोनवरचा निरोप ऐकताना त्याचा चेहरा. हा माणूस या भूमिकेवर जीव टाकायचा. जुलै २०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात तो प्रेक्षकांतून साध्या, दुकानी पोशाखात चाहता म्हणून उठला आणि मुखवटा काढून या पात्राने आपल्याला काय दिलं ते कागदावरून वाचून दाखवलं. ते लोकांना तेव्हाही भावलं होतं, पण रागाच्या गदारोळात मागे पडलं.

मग डिसेंबर २०२१ मध्ये 'नो वे होम' आला. तिन्ही स्पायडर-मॅन एकत्र. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या परांचीवरून तिसऱ्या, टॉम हॉलंडच्या, स्पायडर-मॅनची प्रेयसी एमजे खाली पडते, हॉलंडचा हात पोचत नाही आणि गारफिल्ड झेप घेऊन तिला झेलतो. ती ठीक आहे ना असं विचारताना त्याचे डोळे भरून येतात, कारण ग्वेनला त्याला असं झेलता आलं नव्हतं. त्या एका क्षणाने त्याच्या दोन्ही चित्रपटांना मागे जाऊन वजन दिलं. मॅग्वायर शेजारीच उभा होता, त्यामुळे 'याने त्याची जागा घेतली' ही तक्रार करायला जागाच उरली नाही. त्यात २०१२ मध्ये ज्या मुलांनी आयुष्यातला पहिला स्पायडर-मॅन गारफिल्डचा पाहिला, ती तोवर मोठी होऊन स्वतःची मतं मांडायला लागली होती. थोड्याच दिवसांत तिसरा भाग काढा म्हणून समाजमाध्यमांवर मोहीमही झाली.

आता काही जण उलट्या टोकाला गेलेत आणि २०१४ चा भागही थोर होता म्हणतात. तो नाही. खलनायकांची गर्दी आहे आणि पुढच्या चित्रपटांची जाहिरात करण्यातच अर्धा वेळ जातो. आधी राग बोलत होता, आता जिव्हाळा बोलतोय, पडद्यावर आहे ते बदललेलं नाही.

तीच जन्मकथा पुन्हा सांगितल्याबद्दलच्या प्रेक्षकांच्या कुरकुरीचा फायदा मात्र झाला. २०१७ च्या हॉलंडच्या पहिल्या स्वतंत्र चित्रपटात कोळी चावताना दाखवलाच नाही. २०२२ च्या बॅटमॅनमध्ये आईवडिलांचा खून पुन्हा पाहावा लागला नाही. २०२५ चा सुपरमॅन तर पडद्यावर चार ओळी दाखवून थेट त्याच्या पराभवापासून सुरू होतो.

तुम्हाला पाहायचाच आहे तर माझं सुचवणं असं: रेमींचे चित्रपट नुकतेच पाहिले असतील तर मध्ये काही महिने जाऊ द्या. मग २०१२ चा पूर्ण पाहा आणि २०१४ चा तुमच्या सोयीने, इलेक्ट्रोचे प्रसंग पुढे ढकलत, पण पीटर-ग्वेनचा एकही प्रसंग न गाळता. त्यानंतर 'नो वे होम' लावा. तो आधीच पाहिला असेल तरी पुन्हा लावा, परांचीवरचा तो प्रसंग दुसऱ्यांदा वेगळा दिसेल.