किती छायाचित्रे ठेवावीत?

टिपलेल्यांपैकी किती छायाचित्रे ठेवावीत, याला एकच आकडा उत्तर म्हणून देता येणार नाही, कारण ते कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी आणि दोन्हीकडची नातेवाईक मंडळी यायलाच हवीत, म्हणून तेथे टिपलेल्यांपैकी तिसरा-चौथा हिस्सा ठेवला तरी चालतो. आत्याबाईंचा एकमेव फोटो किंचित हललेला असला तरी तो काढून टाकू नये.

हतनूर जलाशयावरील हिवाळी बदकांचे नेमके उलट आहे. थवा उडताना कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फ्रेम सहज टिपतो आणि त्या जवळजवळ सारख्याच असतात. तेव्हा प्रत्येक फ्रेम संगणकावर शंभर टक्के मोठी करून आधी पक्ष्याचा डोळा पाहावा, तो धूसर असेल तर पंख कितीही देखणे पसरलेले असोत, ती वगळावी, आणि उरलेल्यांतून एक, फार तर दोन ठेवाव्यात. शंभरातून तीन उरल्या तरी सकाळ वाया गेली असे मी मानत नाही.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याचे कान पाहावेत. कान मागे पाडलेला घोडा छायाचित्रात चिडका दिसतो. जळगावच्या सराफांसाठी दागिने टिपताना प्रकाश आपल्याच हाती असल्याने एका नगाचे एकच छायाचित्र पुरते.

पहिल्या फेरीत केवळ उघड बिघडलेलीच काढावीत, उरलेली निवड दुसऱ्या दिवशी करावी, आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत झाल्याखेरीज मेमरी कार्ड पुसू नये.